बापाचं जाळं

"मासळीवाल्यांनी मागच्या दारानं यायचं. कळत नाही का गं?"

बंगल्याच्या गड्यानं माझ्या आईला पायरीवरच अडवलं. तिच्याकडे मासळी नव्हती. हातात नारळ होता, अंगावर सणाचं लुगडं होतं. थळहून मांडव्यापर्यंत ती चालत आली होती, कारण तिच्या पोराची चित्रं आज भिंतीवर लागली होती.

मी आतून धावत गेलो. म्हणालो, "आई हाय माझी." बाजूला होताना गड्यानं नाकाला हात लावला. तोही आमच्यासारखाच गरीब. पण बंगल्याची हवा लागली की नाक नाजूक होतं.

बंगला मुंबईच्या एका सॉलिसिटर साहेबांचा. स्वातंत्र्य येऊन दहा-बारा वर्षं झाली होती. मी अलिबागला एका पेंटरकडे दुकानांच्या पाट्या रंगवायचो. उरलेल्या वेळात फुटक्या होडीच्या फळ्या, डांबर, शिंपले, जुनी जाळी जोडून चित्रं करायचो. गावात म्हणायचे, पोराचं डोकं फिरलंय. साहेबांनी ती चित्रं पाहिली आणि म्हणाले, "पाट्या सोड. माझ्या बंगल्यात खोली देतो, रंग देतो. दिवसभर हेच कर." मला आभाळ ठेंगणं झालं. पाट्यांचं काम मी लगेच सोडलं, तेही मालकाशी भांडून. परत जायची सोय ठेवली नव्हती.

त्या दिवशी मुंबईहून लाँचनं साहेबांचे पाहुणे आले होते. सगळे मोठ्या चित्रापाशी जमले होते. त्यात मी होडीच्या फळ्यांवर माझ्या बापाचं जाळं ताणून ठोकलं होतं. बाप दर्यात गेला. जाळं तेवढं परत आलं, मधोमध फाटलेलं. ते भोक मी तसंच ठेवलं होतं. साहेब सांगत होते, "ही पोकळी बघा. काय विलक्षण!" खाली चिठ्ठी होती: कोळी कला, कुलाबा किनारा. माझं नाव नव्हतं. सकाळी विचारलं तर म्हणाले, "अरे, लोककलेला नाव नसतं." मी गिळलं. खोलीसाठी गिळलं.

आई चित्रासमोर उभी राहिली. मग माझ्याकडे वळली.

"पोरा, बापसाचं जालं फाटलेलं टांगलंस?"

आमच्यात फाटकं जाळं टांगत नाहीत. आधी सांधायचं, मग टांगायचं. बाप गेल्यावर आई लोकांची जाळी सांधूनच घर चालवत होती. लाकडी सुई सुतासकट तिच्या कमरेला खोचलेलीच असे. तिनं नारळ खाली ठेवला, सुई काढली आणि भोकाच्या कडेपासून उभ्या उभ्याच सांधायला लागली. हे आता जाळं नाही, चित्र आहे, असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. मलाही सांगवेना. ती तिच्या नवऱ्याचं जाळं सांधत होती.

आधी एक बाई हसली. मग सगळेच हसले. मला वाटलं, साहेब चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. ते खूश झाले. टाळ्या वाजवल्या.

"वा! हिला इथंच ठेवू. रोज येऊन विणत बसेल. आणि तू ती पँट काढ. कमरेला तुमचा तो कोळ्यांचा त्रिकोणी रुमाल बांध आणि हिच्या शेजारी उभा राहा. फोटो छान येईल."

आईचा हात थांबला. तिला सगळं कळलं होतं. तिनं पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला.

तसा रुमाल बांधूनच माझा बाप शेवटचा दर्यात गेला होता. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"रुमाल दर्यावर बांधतात, साहेब. तुमच्या दिवाणखान्यात न्हाय."

"मग खोली रिकामी कर."

एवढंच बोलले. आवाजही चढला नाही. खोली गेली, रंग गेले, पाट्या आधीच गेल्या होत्या. भीती वाटली, खोटं कशाला सांगू? मी खोलीतून पक्कड आणली आणि जाळ्याचे खिळे उपटायला लागलो.

"हात लावू नकोस! फळ्या मी आणल्यात. रंग माझे, खिळे माझे."

"फळ्या ठेवा. खिळे ठेवा. जालं माझ्या बापसाचं हाय."

खिळे एकेक करून त्यांच्या फरशीवर टाकले. सांधणं अर्धवट राहिलं होतं. आईनं सूत तोडलं नाही. जाळं माझ्या खांद्यावर, सुई तिच्या हातात, मधे सूत. तसेच आम्ही पुढच्या दारानं बाहेर पडलो. गडी बाजूला सरकला.

किनाऱ्यावर वाळूत बसून आईनं ते भोक पुरं केलं. दातानं सूत तोडलं. म्हणाली, "आता टांग."

पाट्या रंगवायला मी परत गेलो नाही. चुलीवर भात नसलेले दिवस काढले, पण दिवसभर चित्रंच केली. पहिलं प्रदर्शन थळला, मासळी वाळवायच्या काठ्यांवर मांडलं. लोक आधी हसले, मग जवळ येऊन बघायला लागले. प्रत्येक चित्रावर माझं नाव होतं, पाटीवर लिहितात तेवढं मोठं. त्या जाळ्यावर आईचंही.

आता साहेबांचं पुन्हा बोलावणं आलंय. नाव लिहू म्हणतात. नातेवाईक सांगतात, झालं गेलं विसर, सांधून घे.

मी जाणार नाही. आईनं जाळं सांधलं ते बरोबरच केलं. तो दिवस मात्र मी सांधणार नाही. तो फाटकाच टांगून ठेवणार, माझ्या पुढच्या दारावर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा.