काचेतला उपाशी मँडरिन

दातांच्या दवाखान्यात पेशंटचे नंबर लावण्यात ताईंची उमेदीची वर्षं गेली. थुंकी, रक्त, कापसाचे बोळे, कशाचीच त्यांना किळस आली नाही. ती आली एका शोभेच्या माशापायी.

डॉक्टरांनी पेशंटच्या बाकासमोर खाऱ्या पाण्याची टाकी बसवली आणि तिच्यात मँडरिन मासा सोडला. निळ्या अंगावर नारिंगी नागमोडी रेघा, हिरवट गाल. बोटाएवढा जीव, पण दाढ ठणकणारं पोरही रडं विसरायचं. ताई चिमूटभर खाद्य टाकायच्या, तो ढुंकून बघायचा नाही. नुसता दगड टिपत हिंडायचा. हळूहळू त्याचं पोट पाठीला लागलं.

"डॉक्टर, हा खातच नाही."

"डाएटवर असेल!" डॉक्टर हसले, तोंडात कापूस असलेला पेशंटही हसला.

एका सकाळी मासा तळाशी आडवा दिसला. ताईंनी उचलला, तर बोटांना बुळबुळीत चिकटा लागला. कितीदा हात धुतले तरी उग्र वास जाईना. दुपारी डबा उघडला, घास उतरेना.

"तसाच दुसरा घेऊन या," डॉक्टरांनी फर्मावलं.

शोभेच्या माशांचा दुकानदार बोलघेवडा होता. "याला खवले नसतात ताई, म्हणून तो चिकटा. कडू जहर! समुद्रात कुणी तोंड लावत नाही. प्रवाळावरचे जेमतेम दिसणारे जिवंत किडे हा दिवसभर टिपतो. दिवस मावळला की नर-मादी अंगाला अंग लावून वर तरंगतात, अंडी सोडतात आणि झटकन खाली पळतात."

"मग आमच्या टाकीत खाणार काय?"

"काही नाही. थोडे दिवस काढतो. मेला की गिऱ्हाईक परत माझ्याकडेच!" त्याने हसत जाळी पाण्यात घातली.

ताईंनी काढलेले पैसे परत पर्समध्ये टाकले. त्या रिकाम्या हातांनी परतल्या.

"मी नाही आणणार. शिसारी आली मला."

"कोंबडी बरी चालते तुम्हाला," डॉक्टर म्हणाले.

"चालते ना. पण तिला उपाशी ठेवून पेशंटसमोर मिरवत नाही."

संध्याकाळी डॉक्टर स्वतःच जाऊन नवा मँडरिन घेऊन आले. ताईंनी डबा पिशवीत टाकला, चाव्या टेबलावर ठेवल्या आणि पायऱ्या उतरल्या.

आता त्या चष्म्याच्या दुकानात बसतात. जुने पेशंट भेटले की कौतुकाने सांगतात, टाकीत अजून तोच मासा आहे, तस्साच देखणा.

"तोच असेल होय!" ताई म्हणतात, आणि तोंड वाकडं करून काच पुसायला घेतात.