पाठांतरवाल्या पोरी

इंग्रजी शिकवणाऱ्या माणसाकडे किस्से साठायला वेळ लागत नाही. वर्गात रोज एखादा घडतो आणि स्टाफरूममध्ये चहाबरोबर सांगून संपतो. काही मात्र संपत नाहीत.

नगरच्या एका नर्सिंग कॉलेजात मी पहिल्या वर्षाच्या मुलींना इंग्रजी शिकवते. म्हणजे धडे-कविता नव्हेत. इंग्रजीतली जाडजूड पुस्तकं वाचायची कशी आणि त्यांवरून अभ्यास करायचा कसा, एवढंच. मुली बहुतेक मराठी शाळांतल्या, कर्जत-नेवाशाकडच्या. हुशार, आणि भयंकर घाबरलेल्या.

*

सुरुवातीलाच सांगितलं, "महत्त्वाचं तेवढं हायलाइट करून आणा." दुसऱ्या दिवशी अश्विनीचं पुस्तक उघडलं तर अख्खं पान पिवळं! पुढचंही पिवळं!

"अगं, पुस्तकाला हळद लावलीस की काय?"

ती गंभीरपणे म्हणाली, "मॅडम, बिनमहत्त्वाचं असतं तर छापलं कशाला असतं?"

 

*

ही अश्विनी कर्जत तालुक्यातली. वडील लवकर गेले, चुलत्यांनी वाढवलं. ॲडमिशनच्या दिवशी चुलत्यांनी माझ्यासमोरच तिला बजावलं, "येक वर्स बघायचं. नापास झालीस तर सामान उचलायचं आन घरी यायचं. स्थळ बघून ठिवलंय."

माणूस वाईट नव्हता. जाताना मलाच म्हणाला, "मॅडम, पोरीकडं लक्ष ठिवा." पण तेव्हापासून अश्विनीचा पेपर तपासायला घेतला की माझा हात जड व्हायचा.

*

मग आलं 'आपल्या शब्दांत लिहा' प्रकरण. उतारा वाचायचा, पुस्तक मिटायचं, समजलं ते लिहायचं. नेवाशाच्या तबस्सुमनं पुस्तक मिटलं आणि तासभर हाताची घडी घालून बसली.

"लिही की!"

"मॅडम, पुस्तकाचे शब्द चुकत न्हाईत. माझे चुकले तर पेशंटला तरास व्हईल."

स्टाफरूममध्ये हे सांगितलं तेव्हा सगळे हसले. मला हसू आलं नाही. एवढी काळजी घेणाऱ्या पोरीला 'चुकलं तरी चालेल' असं कुठल्या तोंडानं सांगायचं?

*

शंका तर कुणीच विचारायचं नाही. एकदा मी चिडलेच. तेव्हा मागून कुणीतरी खुलासा केला, "शाळेत शंका विचारली की सर म्हनायचे, लक्ष कुठं हुतं?"

म्हणून नियम केला, प्रत्येकीनं रोज एक प्रश्न विचारायचाच. पहिली उठली अश्विनी. सगळा वर्ग श्वास रोखून बसला.

"मॅडम, तास कधी सुटंल?"

*

पाठांतराची एक खोड असते. मध्येच कुणी अडवलं की गाडी पुन्हा पहिल्या वाक्यावर. अश्विनीला मी मुद्दाम अडवायचे, आणि ती डोळे मिटून पुन्हा सुरुवातीपासून सुरू! वर्षभर आम्ही दोघी या खोडीशी भांडलो. लेखी पेपर बेताचेच गेले होते, सगळी मदार तोंडी परीक्षेवर होती.

तोंडीच्या दिवशी चुलते सामान न्यायला आले होते. सगळंच न्यायचं की सुट्टीपुरतं, ते ठरायचं होतं. आम्ही दोघं व्हरांड्यात उभे. परीक्षेच्या खोलीचं दार उघडंच होतं.

अश्विनीनं उत्तर झोकात सुरू केलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मध्येच अडवलं आणि इंग्रजीत विचारलं, "ते राहू दे. पेशंट औषधच नको म्हणाला तर काय करशील?"

हे तिनं पाठ केलेल्या कुठल्याच पानावर नव्हतं.  आता ही पहिल्या वाक्यावर जाणार, म्हणून मी डोळे मिटून घेतले. पण ती काहीच बोलेना.

"नेक्स्ट!" परीक्षक म्हणाले.

"सर, प्लीज वेट." अश्विनी म्हणाली. "आय ॲम थिंकिंग."

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं.

चुलत्यांनी मला हळूच विचारलं, "काय म्हन्ली?"

"थांबा म्हणाली. मी विचार करतेय, म्हणाली."

चुलते दाराकडे वळले. मग आत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "मंग करू द्या की तिला!"