वरच्या खिळ्यावरची मेणवेल

आमच्या मास्तरांच्या नाकावर राग असतो, हे गोव्यातल्या पेडण्यात शेंबडं पोरही सांगेल. मास्तर म्हणजे माझे यजमान, शिवदास परब. एकतीस वर्षं त्यांनी प्राथमिक शाळेत मराठी शिकवलं. दुकानाच्या पाटीवर एखादी वेलांटी चुकली तर भर बाजारात उभे राहून दुकानदाराकडे खडू मागायचे. लग्नपत्रिका छापायला टाकण्याआधी लोक त्यांच्याकडे तपासायला आणत आणि पोटभर बोलणी खाऊन जात. पत्रिका मात्र चोख निघायची.

मी पद्मावती, त्यांची बायको. मला राग येत नाही असं कुणी समजू नये. माझा येतो, चार भांडी आपटतो आणि जातो. त्यांचा येतो आणि बिऱ्हाड करून राहतो. त्या बिऱ्हाडापायी दीड वर्ष माझा मुलगा माझ्या दारात आला नाही, त्याची ही हकीकत. घरात आम्ही बोलतो ती पेडण्याची बोली, पण लिहायचं म्हटलं की मला शाळेतली मराठीच सुचते. मास्तरची बायको ना मी!

सगुण आमचा एकुलता एक. वास्कोच्या बंदरात क्रेन दुरुस्तीच्या शेडमध्ये कामाला. दर शनिवारी तीन बस बदलून घरी यायचा. पंच्याऐंशीच्या चतुर्थीला आला तो बायकोच्या, म्हणजे अश्विनीच्या, हातात तुपाचा रिकामा डबा देऊन. डब्यात वेलीचा वीतभर तुकडा, त्याला सहा पानं. जाड, गुळगुळीत, वरून मेण चोळल्यासारखी. बंदरावरच्या एका साहेबाची बदली झाली, जाताना त्यानं हा तुकडा दिला म्हणे. नाव इंग्रजी होतं, ते माझ्या डोक्यात राहिलं नाही. आम्ही मेणवेल म्हणू लागलो.

आमच्या बलकांवात, म्हणजे पुढच्या ओट्यावर, सगुणनं ती तारेनं टांगली आणि मला शिकवायला लागला. "आई, हिला पाणी थोडं. आठ दिवसांनी एक वाटी, तेही माती सुकली तरच. डबा बदलू नको, मुळं अडचणीत असली तरच ती फुलते. लांब बोडका फुटवा आला तर वाळला म्हणून कापू नको. आणि फूल आलं तर देठ मोडू नको हां. फुलं गळली तरी देठ तसाच राहू दे. त्याच देठावर पुन्हा फूल येतं."

"एवढे लाड तर तुझे नाही केले रे मी," मी म्हटलं. मास्तर पलीकडे वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसले होते. त्यांनी मानही वर केली नाही.

पुढे गोव्याची राजभाषा कुठली यावरून रान पेटलं. मास्तर मराठीच्या मोर्चात पहिल्या रांगेत. आणि सगुण पणजीला कोंकणीच्या मोर्चात गेला, हे मास्तरांना कुणीतरी बाजारात सांगितलं. शहाऐंशीच्या डिसेंबरात तो घरी आला आणि जेवणाच्या पाटावरच दोघांची जुंपली. गंमत बघा, मराठीसाठी भांडणारा बाप आणि कोंकणीसाठी भांडणारा मुलगा, दोघं तावातावानं भांडत होते ते एकाच बोलीत, आमच्या घरच्या. मला हसू आलं असतं, पण सगुण बोलून गेला, "तुम्ही माझ्याशी ज्या भाषेत बोलता तिची तुम्हाला लाज वाटते, बाबा." मास्तर ताटावरून उठले. "परत ह्या उंबऱ्याक पाय लावू नको," म्हणाले. "आणि ती तुझी वेलही घेऊन जा!"

सगुण गेला. वेल राहिली. अश्विनी तेव्हा सहा महिन्यांची गरोदर होती.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी हुकूम सोडला: त्या वेलीला कुणी थेंबभर पाणी घालायचं नाही. मी हूं म्हटलं आणि घालायला लागले. सकाळी आंघोळ करून तुळशीला पाणी घातलं की कळशीत उरतं ते आम्ही बायका अंगणातल्या झाडांना घालतो, ही तर रोजची रीत. मी आधी तांब्याभर मेणवेलीला द्यायचे, मग बाकीच्यांना. मुलाचा आठव आला की दुपारी आणखी एक तांब्या. आणि आठव कधी येत नव्हता?

महिनाभरात पानं पिवळी पडली. हात लावला की गळून पडायची. बुडाशी वेल एका बाजूनं काळी आणि मऊ झाली. मला वाटलं पाणी कमी पडतंय, मी आणखी घातलं. शेजारची जानकी म्हणाली, "माणसाचा शाप लागतो गे झाडाला," तेव्हा तर मी ओट्यावर बसून ढसाढसा रडले. सगुणची वेल मरते म्हणजे आता तो येत नाही, असंच माझ्या मनानं घेतलं.

एका सकाळी मास्तरांनी मला तांब्यासकट पकडलं. स्टूल आणलं, डबा तारेवरून सोडवला, काळं झालेलं कात्रीनं कापून टाकलं आणि डबा आढ्याजवळच्या वरच्या खिळ्याला बांधला. मास्तर ताडमाड उंच. मी स्टुलावर चढले तरी माझा हात तिथं पोचणार नव्हता, आणि ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. "घाल आता पाणी," म्हणाले. एवढा दुष्टावा! दोन आठवडे मी त्यांना ताट वाढलं, पण बोलले नाही.

मार्चमध्ये अश्विनीचं पत्र आलं. मुलगी झाली, योगिता नाव ठेवणार, बारशाला दोघं या. मास्तरांनी पत्र वाचलं, घडी केली, पाकिटात घातलं. "तू जा," म्हणाले. आता नवऱ्याला घरी बसवून एकटी बारशाला गेले तर लोक काय म्हणतील, म्हणून मी गेले नाही. तिथं माझंही चुकलं. ते मी मास्तरांच्या माथी मारणार नाही.

फेब्रुवारीत राजभाषेचा कायदा झाला होता, कोंकणीचा. त्या दिवशी मास्तर जेवले नव्हते. मे महिन्यात गोवा राज्य झालं, तेव्हा मात्र दिवसभर रेडिओला कान लावून बसले आणि संध्याकाळी स्वतः जाऊन पेढे घेऊन आले. मी म्हटलं, "आज तरी सगुणला दोन ओळी टाका." म्हणाले, "त्यानं टाकाव्या." माझा पेढा मी पुड्यात परत ठेवला.

वेलीकडे मी बघणं सोडलं होतं. मेली असणार असंच धरून चालले होते. पण पावसाळा सरला आणि एक दिवस वरून काहीतरी खाली लोंबताना दिसलं. हातभर लांब, एकही पान नसलेला फुटवा. जानकी कोयता घेऊन आली, म्हणाली, वाळलेलं घरात लोंबकळू नये. मास्तर आतून ओरडले, "हात लावशील तर बघ!" ती बिचारी कोयता टाकून पळाली. मग त्या बोडक्या फुटव्याला पानं आली. पाण्याशिवाय जगणारी ही कसली बया, याचं मला नवल वाटायचं.

आणखी एक गोष्ट मला खटकायची. शुक्रवारी मी म्हापशाच्या बाजाराला जाते. परत आले की ओट्यावरचं स्टूल जागेवर नसायचं. मी आळ कधी मांजरावर घ्यायचे, कधी जानकीच्या मुलांवर.

अठ्ठ्याऐंशीच्या एप्रिलमधली ती संध्याकाळ. मी आत मासे साफ करत होते. मास्तरांची हाक आली, "अगो, हांगा यो!" हाक अशी की मला वाटलं विंचू चावला. धावत गेले तर मास्तर मान वर करून उभे. सगळ्या ओट्यावर मधासारखा गोड वास. पानांच्या आडून फुलांचा गेंद लोंबत होता. पंधरावीस इवल्या चांदण्या, फिक्या गुलाबी, प्रत्येकीच्या मधोमध लाल टिकली. वेल इतकी खाली आली होती की आता माझा हात पोचत होता.

मी हात धुऊन आले आणि फूल खुडायला गेले. पहिलं फूल देवाचं, आणि तेही देठासकट, नाहीतर तसबिरीच्या मागे खोवणार कसं? एवढ्यात मास्तरांनी माझं मनगट धरलं.

"देठ मोडू नको," ते म्हणाले. "फुलं गळली तरी देठ तसाच राहू दे. त्याच देठावर पुन्हा फूल येतं."

मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. शब्द न् शब्द सगुणचा.

"तुम्ही ऐकत होता?"

"कान काय पेपरात गुंडाळून ठेवले होते?"

"मग पाणी? दीड वर्ष बिनपाण्यानं जगली काय ही?"

मास्तरांनी खाली बघितलं. "शुक्रवारी देतो. एक वाटी. माती सुकली असली तरच."

"आणि माझा हात पोचू नये म्हणून वर बांधलीत ती?"

"तू बुडवत होतीस तिला, पद्मा. मेली असती."

दीड वर्ष ज्याला दुष्ट म्हणत होते त्यानं ती वेल जपली होती आणि मी, जिचा जीव तुटत होता, तिनं ती कुजवली होती. पण मग जो संताप आला मला! "लाज नाही वाटत?" मी म्हटलं. "चोरून वेलीला पाणी घालता येतं आणि पोटच्या पोराला एक कार्ड टाकता येत नाही? माझी नात चालायला लागली असेल हो! मी तिचं तोंड बघितलं नाही अजून!" शेजारी ऐकतात की नाही याची मी पर्वा केली नाही. रडले, ओरडले, मग अर्धवट राहिलेले मासे साफ करायला गेले.

मास्तर आत गेले. बऱ्याच वेळानं मी चहा घेऊन गेले तर टेबलाखाली तीन कार्डं फाडून टाकलेली. चौथं समोर. मास्तरांच्या कपाळावर घाम. मला म्हणाले, "जरा बघ गे. बरोबर आहे ना?"

जन्मात त्यांनी कुणाला असं विचारलं नव्हतं. मी कार्ड हातात घेतलं. त्यांच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं: "सगुणा, तुज्या वालीक फुलां आयल्यांत. चेडवाक घेवन यो." वेलीला फुलं आलीत, मुलीला घेऊन ये, एवढंच. आयुष्यात पहिल्यांदा मास्तर आपल्या घरची बोली कागदावर उतरवत होते, आणि पहिलीतल्या मुलासारखे माझ्या तोंडाकडे बघत होते.

"बोलता तसंच आहे," मी म्हटलं. "टाका पेटीत."

शनिवारी दुपारच्या बसनं तिघं आली. सगुण उंबऱ्याबाहेर थांबला. पाय उचलेना. मास्तर दारात उभे. एकसारखेच हट्टी, दुसरं काय! शेवटी मास्तरांनी हात पुढे करून योगिताला त्याच्या कडेवरून घेतलं आणि ओट्यावर वेलीखाली घेऊन गेले. मग सगुणला आत यावंच लागलं.

"पळय बाय, तुझ्या बाबाची वेल," मास्तर वर बोट दाखवत म्हणाले. बायनं बघितलं, हसली, आणि एका झटक्यात अख्खा गेंद ओढून काढला. देठासकट. तुटल्या जागेतून पांढरा चीक टपकायला लागला.

"अगं, देठ!" सगुण ओरडला. अश्विनीनं तोंडावर हात ठेवला. मी मास्तरांकडे बघितलं. दीड वर्ष दर शुक्रवारी वाटी वाटी करून राखलेलं फूल.

मास्तरांनी धोतराच्या सोग्यानं नातीच्या हाताचा चीक पुसला. फूल तिच्याच मुठीत राहू दिलं.

"तोडलं ते बरं केलं," म्हणाले. मग सगुणकडे न बघता, वेलीकडे बघत म्हणाले, "आता नवा देठ यायला वर्ष लागेल. कधी येईल सांगता यायचं नाही. तुम्हाला दर शनिवारी येऊन बघावं लागेल."

सगुणनं बॅग खाली ठेवली. "येतो, बाबा," म्हणाला.

मी स्वयंपाकघरात पळाले. आमटी उतू जायला लागली होती, आणि आता पाच ताटं मांडायची होती.