मरणविराम

आमच्या गावात ज्याला मरायचं असेल त्यानं दिवाळी ते होळीच्या दरम्यान मरून घ्यावं. पावसाळ्यात मरायची सोय नाही. गाव कर्जत आणि खालापूरच्या हद्दीवर आहे. कर्जतचे लोक आम्हाला खालापूरचे समजतात, खालापूरचे कर्जतचे, आणि मतं मागायला मात्र दोन्हीकडचे येतात. गावाला लोखंडी स्वागत कमान आहे, तिच्यावर रंग बदलणारे दिवे आहेत. स्मशानाला छप्पर नाही.

ही हकिगत हिरामणकाकाची आहे. तो कुणी थोर माणूस नव्हता. भात लावायचा, खोपोलीच्या एका कारखान्यात पाळी करायचा, आणि कारखाना बंद पडल्यावर नुसताच भात लावायचा. म्हातारपणी माझ्या गिरणीच्या ओट्यावर येऊन बसायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला नावं ठेवायचा. गावात त्याला कुणी मान देत नव्हतं, कारण तोही कुणाला देत नव्हता. ‘हॅट्’ हा त्याचा लाडका शब्द. पुढारी येऊन भाषण करून गेला, हॅट्. सुनेनं नवा मिक्सर आणला, हॅट्. सुंदराकाकी, म्हणजे त्याची बायको, सांगायची की लग्नात मंगलाष्टकं लांबली तेव्हा यानं भटजीलाही हॅट् केलं होतं.

फक्त एकदा त्याच्या तोंडून हॅट् निघालं नाही. गेल्या वर्षी आषाढात बुधाजी गेला. बुधाजी हा काकाचा लंगोटीयार. आम्ही त्याला स्मशानात नेला तेव्हा पाऊस असा तिरका येत होता की छत्र्या उलट्या होत होत्या. चिता पेटवली, विझली. डिझेल ओतलं, पुन्हा विझली. कुणी टायर आणले. अंधार पडेपर्यंत आम्ही त्या माणसाला जाळत होतो आणि तो जळत नव्हता. जे राहिलं त्यावर प्लास्टिक टाकून, दगड ठेवून आलो आणि दुसऱ्या दिवशी उघडीप मिळाल्यावर पुन्हा जाळलं. मला तो वास अजून आठवतो आणि आठवला की संताप होतो. परत येताना काका चिखलात थांबला आणि म्हणाला, “मना असा नाय जायचा रं. मना येका दमात जालून टाका.”

हिवाळ्यात त्याच्या छातीत दुखायला लागलं. खोपोलीच्या डॉक्टरांनी त्याच्या मुलाला, संतोषला, बाजूला घेऊन सांगितलं की हृदय फार थकलंय, पुढचा पावसाळा निघणं कठीण आहे. बाजूला घेऊन सांगितलेलं काकानं बरोबर ऐकलं. हृदय थकलं होतं, कान नाही. मरणाचं त्याला फारसं काही वाटलं नाही. छपराचं वाटलं.

आता छपराचं सांगतो. चक्रीवादळात स्मशानाच्या शेडचे निम्मे पत्रे उडाले, त्याला बरीच वर्षं झाली. मग करोना होता, म्हणून पत्रे आले नाहीत. मग रशियाकडे युद्ध होतं, म्हणून आले नाहीत. मग आचारसंहिता होती. दर खेपेला कारण मात्र वेळेवर आलं. शेवटी बुधाजीच्या प्रकारानंतर बोभाटा झाला आणि जानेवारीत लडकूशेठनं स्मशानात नारळ फोडला.

लडकूशेठ आमचा सरपंच नव्हे. सरपंच त्याची बायको, हर्षला. ती घरी असते, खुर्चीत हा असतो. नारळ फोडला त्या दिवशी स्मशानाच्या खांबांना केवढातरी मोठा बॅनर बांधला होता. ‘स्मशानभूमी शेड नूतनीकरण, भव्य शुभारंभ’, आणि खाली गॉगल लावलेला लडकूशेठ, छाती भरून हसणारा. स्मशानात गॉगल कशाला लागतो ते त्यालाच ठाऊक. कोपऱ्यात हात जोडलेली हर्षला, टपाल तिकिटाएवढी. शुभारंभ म्हणून उरलेले निम्मे पत्रे काढले, टेंपोत घातले, आणि काम थांबलं. ते पत्रे आज लडकूशेठच्या म्हशींच्या गोठ्यावर आहेत. म्हशींची सोय झाली.

होळीच्या सुमारास आखातात युद्ध पेटलं आणि पंचायतीला नवं कारण सापडलं. दिवा बंद? युद्धजन्य परिस्थिती. गटार तुंबलं? युद्धजन्य परिस्थिती. ग्रामसेवकाला हा शब्द इतका आवडला की तो उच्चारताना त्याचा चेहरा उजळायचा. पत्र्याचे भाव वाढलेत, ठेकेदार जुन्या दरानं काम करायला तयार नाही, सुधारित अंदाजपत्रक वर पाठवलंय. वर म्हणजे कुठे, हे विचारायचं नाही.

युद्धाची झळ खरोखरच लागली, ते मी नाकारत नाही. सिलिंडर वेळेवर येईना, सुंदराकाकीनं परसातली चूल पुन्हा सारवली. संतोष रसायनीला केमिकल कंपनीत आहे. कंपनीचा माल बोटींवर अडकला, तेव्हा त्याला काही आठवडे घरी बसवलं. शिळफाट्याच्या बाजारात युरियाची गोणी मागितली की दुकानदार नको असलेली औषधाची बाटली गळ्यात मारायचा. यातल्या कशावरही काकानं कुरकुर केली नाही. “तिकरं त्यांची पोरा मरतान,” तो म्हणायचा. “त्यांना काय बोलाचा?”

आणि याच दिवसांत, याच भावात, लडकूशेठच्या वडिलांच्या नावाची कमान उभी राहिली. तिच्या लोखंडाला युद्ध आडवं आलं नाही.

माझ्या ओट्यावर तेव्हा रोज सेनापतींची सभा भरायची. घरच्या बांधाचा वाद पंधरा वर्षांत न सुटलेली माणसं कुठल्या देशानं कुठून क्षेपणास्त्र सोडायला हवं ते सांगायची. तोंडात तंबाखू आणि बोट मोबाईलवरच्या नकाशात. काका कोपऱ्यात बसून त्यांच्याकडे, बैल चिखलात बसल्यावर शेतकरी बघतो तसा बघायचा. मग मला हळूच विचारायचा, “थांबला का रं युद्ध?” मला वाटलं म्हाताऱ्याचं डोकं सरकलं. मग लक्षात आलं की पंचायतीत त्याला सांगितलं होतं, ‘युद्ध थांबलं की पत्रे घालू,’ आणि तो त्यांच्या शब्दाला धरून बसला होता. सेनापतींना जगाची काळजी होती. काकाला फक्त एक छप्पर हवं होतं.

उन्हाळ्यात एका सकाळी युद्धविरामाची बातमी आली. काकानं धुतलेला सदरा घातला, टोपी घातली आणि मला गिरणी बंद करायला लावून सोबत नेलं. तीन ठिकाणी दम खात आम्ही पंचायतीत पोचलो. लडकूशेठ सरपंचाच्या खुर्चीत मोबाईल बघत होता. शेजारी ग्रामसेवक.

“लडकू, युद्ध थांबला,” काका म्हणाला. “आता पत्रा घाल.”

लडकूशेठ हसला. लहान पोराला समजवावं तसा म्हणाला, “काका, यो युद्धविराम हाय. युद्ध संपला नाय. विराम म्हंजे जरासा थांबलंत. बाजार अजून थिर नाय.”

“आसा हाय?” काकानं मान डोलावली. “मंग मी पन मरनविराम घेतू. तुजा बाजार थिर झाला का निरोप दे, मंग मरतू.”

ग्रामसेवकानं फाईल तोंडासमोर धरली. तो हसत होता की लाजत होता कळलं नाही. लाजत असण्याची शक्यता कमी.

“तुमी उगाच तापतंव काका,” लडकूशेठ म्हणाला.

“आनि कमानीचा लोखंड? त्याला युद्ध नाय लागला?”

“त्यो फंड येगला.”

“हॅट्,” काका म्हणाला आणि उठला.

बाहेर पायरीवर त्याला बसावं लागलं. श्वास पुरत नव्हता. मला वाटलं आता हा हरला. पण तो कमानीकडे बघत होता, आणि म्हणाला, “त्यो बॅनर कुठं हाय रं? स्मशानात लावलेला?”

बॅनर पंचायतीच्या मागे गुंडाळून पडला होता. काका दुसऱ्या दिवशी लडकूशेठच्या घरी गेला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यानं कुणापुढे हात पसरले. घर गळतंय म्हणाला, तो बॅनर दे, वर टाकतो. लडकूशेठला केवढा आनंद झाला. त्यानं बॅनर स्वतःच्या हातानं दिला, देताना फोटो काढून घेतला आणि दुपारपर्यंत सगळ्या गावाच्या मोबाईलवर आलं: ‘गरजू वृद्धास ताडपत्री वाटप.’ फोटोत काका कॅमेऱ्याकडे न बघता बॅनरचं कापड अंगठ्यानं चाचपून बघत होता.

मी चिडलो. “काका, लाज सोडलीस काय? तुझं घर कुठं गळतं? संतोषनं स्लॅब टाकलाय.”

“त्या घराला नाय रं,” तो म्हणाला. “जायाच्या घराला.”

त्यानं मरणविराम चांगला पाळला. पेरणी झाली, लावणी झाली. संतोषनं पडवीत सुकी लाकडं रचून ठेवली होती. बापाच्या डोळ्यांसमोर बापासाठी लाकडं रचणं म्हणजे काय ते त्याचं त्याला माहीत. काका खाटेवरून सांगायचा, ओली खालती नको घालूस. श्रावणात, नारळी पौर्णिमेच्या आधी, सकाळचा चहा पिऊन, कप खाली ठेवून तो गेला. बाहेर धो धो कोसळत होतं. दोन हातांवरचं झाड दिसत नव्हतं.

तिरडी बांधून झाली तेव्हा लडकूशेठ आला. एकानं त्याच्यावर छत्री धरली होती, दुसऱ्यानं मोबाईल. तो चेहरा पाडून उभा राहिला. स्मशानात श्रद्धांजलीचं भाषण करायचं होतं. तेवढ्यात सुंदराकाकी घरातून बाहेर आली. तिच्या दोन्ही हातांवर घडी घातलेला बॅनर होता. ती सरळ लडकूशेठसमोर गेली.

“ह्यो घे,” ती म्हणाली. “त्यांनी सांगून ठेवलाय. लडकूनं दिलाय, त्याच्या हातानं मज्यावर धरूं दे म्हंले.”

सगळं गाव बघत होतं. मेलेल्या माणसाचा शेवटचा शब्द, बायकोच्या तोंडून. लडकूशेठ मागे वळून बघायला लागला, पण छत्रीवाला दुसरीकडे बघत होता. लडकूशेठनं बॅनर घेतला.

स्मशानात आम्ही बॅनरच्या कोपऱ्यांना वासे बांधले आणि चितेवर उंच धरला. छपाईची बाजू खाली आली. पुढचा वासा लडकूशेठकडे होता, धुराच्या बाजूला. ती जागा त्याला आम्ही सर्वांनी न बोलता दिली. संतोषनं अग्नी दिला. सुकं लाकूड, चटकन पेटलं. ज्वाळा वर चढल्या आणि आमच्या डोक्यावर लडकूशेठ गॉगल लावून हसत होता, ‘भव्य शुभारंभ’ करत. वर पाणी साचून त्याचा गाल फुगायचा, मग कुणीतरी काठीनं ढोसून पाणी उडवायचं. पुढे उष्णतेनं कापड मऊ झालं, गॉगल ओघळून हनुवटीवर आला आणि हसू कानाच्याही पलीकडे ताणलं गेलं. हर्षलाचा कोपरा तेवढा शाबूत राहिला. खाली खरा लडकूशेठ खोकत होता, डोळ्यांतून पाणी गळत होतं. गावानं त्याला रडताना पहिल्यांदाच पाहिलं, तेही धुरानं.

“बदली द्या रं कोनी,” तो दोनदा म्हणाला.

शेजारचा वासा माझ्याकडे होता. पाऊस इतका होता की मला काही ऐकू आलं नाही. कुणालाच आलं नाही.

हिरामणकाका एका दमात जळाला. भाषण झालं नाही.

मला वाटलं होतं, आता तरी हा माणूस शरमेल. संध्याकाळी मोबाईल उघडला तर धुरातला फोटो आला होता, वासा धरलेल्या लडकूशेठचा. खाली लिहिलं होतं, ‘भर पावसात स्मशानभूमीत तात्पुरत्या छताची सोय.’ त्याखाली अंगठ्यांची रांग. अंगठे देणारे बरेचसे माझ्या ओट्यावरचे सेनापती होते, आणि त्यातल्या दोघांनी दुपारी काकाला खांदा दिला होता.

तेरावं झाल्यावर सुंदराकाकी तांदळाचं पीठ काढायला गिरणीत आली. डबा खाली ठेवला आणि ओट्यावर टेकली, बरोबर काका बसायचा त्या कोपऱ्यात. बारीक झाली होती. पाऊस चालूच होता.

“थांबला का रं युद्ध?” तिनं विचारलं.

मी म्हटलं, “नाही काकी. परत सुरू झालंय म्हणतात.”

तिनं बाहेर पाहिलं. कमानीवर लडकूशेठच्या वाढदिवसाचा नवा बॅनर लागला होता, आधीच्यापेक्षा मोठा, पावसात निथळत.

“त्यो जाड दिसतंय,” काकी म्हणाली. “उतरवतील तवा मज्यासाठी मागून ठेव.”