मानेतली नळी

हे मी घरात कुणाला बोललेलो नाही. बायकोला नाही, अण्णांना तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याजवळ बोलायला जमेल असं वाटतंय — बघू.

मी कडेगाव तालुक्यातला. सातवीत शाळा सोडली आणि आमच्याकडची पोरं जातात तसा गलाईच्या कामाला तामिळनाडूत आलो — सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं काम. वीस वर्षं झाली. गावी गेलो की लोक म्हणतात, ह्यानं मुलूख बघितलाय, ह्याला सगळं कळतं. मी कधी नाही म्हटलं नाही. का म्हणावं? बरं वाटायचं.

अण्णांचं, म्हणजे वडिलांचं, बायपास ठरलं तेव्हा मला त्यासाठीच बोलावलं. सांगलीच्या दवाखान्यात सह्या करायला मी, डॉक्टरांशी बोलायला मी. आदल्या दिवशी भूल देणाऱ्या एक तरुण डॉक्टरबाई मला घेऊन बसल्या. चांगला अर्धा तास. कागदावर काळीज काढलं, मान काढली, बाण काढले. कॅथेटर घालणार म्हणाल्या. हा शब्द मला माहीत होता — चुलतीला घातलं होतं ते, लघवीची नळी. तेवढा एक ओळखीचा शब्द सापडला आणि मी त्यालाच धरून बसलो. पुढचं कानावरून गेलं. "समजलं का? परत सांगू?" त्यांनी दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा मान हलवली. परत सांगा म्हटलं असतं तर काय बिघडणार होतं? कागद घडी करून खिशात घातला, सही केली आणि बाहेर तात्यांना सांगितलं, "लघवीची नळी घालनार हायत, दुसरं काय न्हाई."

तात्या माझे चुलते, फौजेतून सुभेदार होऊन आलेले. ऑपरेशननंतर त्यांना आत सोडलं, ते तापूनच बाहेर आले. अण्णांच्या मानेत नळी, तिला टाके, तिथून वायरी यंत्राला.

"ओ मॅडम, लघवीची नळी म्हनून मानंत घातलीसा व्हय?"

सगळ्यांदेखत. बाई शांतपणे म्हणाल्या, मी यांना सगळं सांगितलं होतं — आणि माझ्याकडं बघितलं. तात्यांनीही बघितलं. "व्हय रं?"

माझा हात खिशात होता. बोटांना कागदाची घडी लागत होती. आता सगळं आठवत होतं — मान, बाण, सगळं. आणि मी म्हणालो, "न्हाई तात्या. मानंचं कोन काय बोललं न्हाई."

एवढंच. एक वाक्य.

मोठे डॉक्टर आले. गोंधळ वाढू नये म्हणून त्यांनी बाईंना माफी मागायला लावली. त्यांनी हात जोडले. "माझं सांगायचं राहिलं असेल, काका." तात्या म्हणाले, "शिकल्याली मानसं तुमी, जरा तोंड उघडत जावा की." दोघंचौघं हसले. मी पण — हो, मी पण हसलो.

दुसऱ्या दिवशी त्याच बाई मला शोधत आल्या. वाटलं, आता काढतात विषय. पण त्या अण्णांचं सांगायला आल्या होत्या. काळजाकडून फुप्फुसाकडं जाणाऱ्या नसेतला दाब चढायला लागला होता. बाहेरून काही दिसायच्या आधीच त्या मानेतल्या नळीनं ते सांगितलं, वेळेत औषध देता आलं. भट्टीपुढं मी वितळत्या सोन्याचा रंग बघत बसतो, डोळा हलवत नाही. तशा त्या आकडे बघत बसल्या होत्या — हात जोडून माफी मागून झाल्यावर, आमच्याच माणसाच्या उशाशी. जाताना म्हणाल्या, "जेवलात का?" मी मान हलवली. तेवढं मला येतं.

अण्णा आता उसात फेरी मारून येतात. त्या बाईला कसं सरळ केलं, ते तात्या अजून रंगवून सांगतात. मी ऐकून घेतो.

तो कागद इथं दुकानात, माझ्या पेटीत आहे. सांगलीहून परत येताना रेल्वेत पहिल्यांदा उघडला. मानेजवळच्या बाणाशेजारी त्यांनी मराठीत, मोठ्या सुट्या अक्षरांत लिहून दिलं होतं — "ही मानेतून. लघवीची नळी वेगळी."

वाचता येत होतं मला.