दोनशे चौदावा माणूस

"खेळणं नाहीये ते, हेलिकॉप्टर आहे!"

ऑरिन ट्वेटचं हे वाक्य टॉर्विक गावात इतकं पाठ झालं होतं, की त्याने तोंड उघडायच्या आतच समोरचा ते म्हणून मोकळा व्हायचा. तसा माणूस अगदी साधा. धान्याच्या कोठारावर वजनकाट्यापाशी एकोणतीस वर्षं नोकरी, डोक्यावर कोठारवाल्यांनी फुकट दिलेली टोपी, खांद्यावर पँटचे पट्टे. पण शनिवार उजाडला की त्याच्या अंगात यायचं. गॅरेजमधून ते धूड बाहेर निघायचं. पाती चांगली दीड मीटर, टाकीत मिथेनॉल आणि एरंडेलाचं मिश्रण, पोटाखाली रबराच्या तुकड्यांवर बांधलेला फिल्मचा कॅमेरा. रिमोटचा डबा गळ्यात अडकवून ऑरिन उभा राहिला आणि इंजिन सुरू झालं, की शेजाऱ्यांच्या कुत्र्यांसकट सगळ्यांना कळायचं, आज वारा पडलेला आहे.

आणि फोटो काय काढायचा हो पठ्ठ्या! कॅमेऱ्याला काय दिसतंय ते जमिनीवरून दिसत नाही. खटका दाबला गेला की नाही, तेही इंजिनाच्या आवाजात ऐकू येत नाही. सगळा अंदाजाचा मामला. तरी टॉर्विकमधलं एक घर दाखवा, जिथे भिंतीवर स्वतःच्याच छपराचा, स्वतःच्याच गव्हाचा आभाळातून काढलेला फोटो नाही. आमच्याकडे नॉर्थ डकोटात कौतुक म्हणून करायची पद्धत नाही. फोटो बघून लोक फार तर म्हणायचे, "वाईट नाही." ऑरिन तेवढ्यावर आठवडाभर शीळ घालत हिंडायचा.

अठ्ठ्याण्णव साली गावाला शंभर वर्षं होणार होती. त्याच्या आधीच्या हिवाळ्यात अर्डिस फॉसमच्या कॅफेत सभा भरली. कॅफेही अर्डिसचा आणि महापौरही अर्डिसच, त्यामुळे सभेत कॉफी फुकट आणि वाद कमी. ठरलं असं, की बीनच्या, म्हणजे घेवड्याच्या, शेताच्या बांधावर अख्खं गाव उभं करायचं आणि आभाळातून एकच फोटो काढायचा. त्यासाठी फार्गोहून विमानवाला बोलवायचा.

"विमानवाला कशाला?" ऑरिन उठून उभा राहिला. "मी आहे की!"

"खेळणं नाहीये ते," पाचसात जण एकदम ओरडले आणि हशा पिकला.

अर्डिसने मात्र पेन्सिल कानावरून काढली. "बरं. म्हणजे फोटोत दोनशे तेरा माणसं. तू बाहेर."

"दोनशे चौदा," मागून आवाज आला. ऑरिनची बायको बर्निटा. सभेत ही बाई कधी तोंड उघडत नाही, म्हणून सगळ्यांच्या माना वळल्या. "गावाच्या पाटीवर दोनशे चौदा लिहिलंय. ऑरिन फोटोत असणार. नाहीतर फार्गोचा विमानवाला बोलवा. निदान तो तरी परका आहे, तो नसला तरी चालेल."

घरी जाताना गाडीत ऑरिन म्हणाला, "हे काय मधेच काढलंस?"

घरी पोहोचल्यावर बर्निटाने कपाटातून अल्बम काढले आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर आपटले. शंभरीच्या प्रदर्शनासाठी प्रत्येक घराने अल्बम द्यायचे होते, म्हणून आठवडाभर ती ते चाळत होती. "एकतीस वर्षांचा संसार, ऑरिन. मुलींचे बाप्तिस्मे, लग्नं, नाताळ, तळ्यावरचे मासे. यात तू कुठे आहेस ते शोध. मला एक सापडला." तिने एक पान उघडलं. गवतावर मुली बसलेल्या, आणि त्यांच्या पायांशी कोपरं बाहेर काढून उभ्या असलेल्या माणसाची लांबलचक सावली. "ही तेवढी सापडली. उद्या तू नसलास तर नातवंडांना काय दाखवू? सावली?"

ऑरिनचं तोंड उतरलं. खरंच होतं ते. कॅमेरा कायम त्याच्याच हातात. तो म्हणाला, "काढूया की एखादा. तुझ्या हातात देतो कॅमेरा."

"आता नको. आता गावाच्या फोटोतच पाहिजे. सगळ्यांसमोर म्हटलंय मी."

आता यात अडचण काय, ते सांगायला हवं. कॅमेरा बघतो हेलिकॉप्टरच्या नाकाच्या दिशेने. उडवणारा नेहमी शेपटीमागे उभा राहतो, म्हणजे आपलं डावं ते त्याचं डावं. फोटोत यायचं तर हेलिकॉप्टरने तोंड फिरवून ऑरिनकडे बघायला हवं. आणि नाक आपल्याकडे झालं, की सगळं उलटं! दांडी डावीकडे ढकलली की ते उजवीकडे जातं. माणसाच्या अंगठ्यांना वीस वर्षांची सवय असते, ते ऐकत नाहीत. ऑरिनने जन्मात चार वेळा हा प्रयोग केला होता आणि चारही वेळा पाती नवी घ्यावी लागली होती.

"कॅमेराच उलटा बांध ना, शेपटीकडे तोंड करून," माइलो स्टेनरुडने अक्कल शिकवली. माइलो म्हणजे ऑरिनचा मित्रही आणि वैरीही. तो विमानं उडवायचा, लहान, लाकडी, लाल रंगाची.

"बांधून बघितला. फोटोत मधोमध शेपटी येते. पाद्रीबाबांच्या कपाळातून निघाल्यासारखी दिसते."

"मग पाद्रीबाबांना कडेला उभं कर," माइलो म्हणाला.

जानेवारीत तळं गोठलं तसा ऑरिन रोज कामावरून सुटल्यावर बर्फावर जाऊ लागला. हातमोज्यांची बोटं कापलेली, नाकाला थेंब. हेलिकॉप्टर वर जायचं, फिरून त्याच्याकडे तोंड करायचं, जरासं कलायचं, आणि ऑरिनचे अंगठे नेमके नको तेच करायचे. धप्प! फेब्रुवारीपर्यंत तीन जोड पाती गेली. मार्चमध्ये त्याने हात टेकले. स्वयंपाकघरात येऊन डबा टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "नाही जमत, बर्निटा. डोकं सांगतं एक आणि अंगठे करतात दुसरंच. दोनशे तेराच राहू दे."

बर्निटा तेव्हा लेफ्से भाजत होती. लेफ्से म्हणजे आमची बटाट्याची पोळी, तव्यावर उलटायला हातभर लांब, पातळ लाकडी पट्टी लागते. तिने चूल मंद केली, पट्टी पुसली आणि तळहातावर उभी धरली. लहानपणापासूनचा तिचा खेळ तो. पट्टी डावीकडे कलली की हात डावीकडे, उजवीकडे कलली की उजवीकडे. पट्टी पडेना.

"कशी उभी राहते सांग," ती म्हणाली.

"हात खाली नेतेस तिच्या."

"कुठे?"

"पडेल तिकडे."

"मग? तुझं यंत्र तुझ्याकडे बघत असताना डावीकडे कललं, तर दांडी कुठे?"

टेबलावरच्या डब्याची दांडी धरून ऑरिनने हवेतच हेलिकॉप्टर कलवून पाहिलं. डावीकडे पडतंय, दांडी डावीकडे. उजवीकडे पडतंय, उजवीकडे. टेकू द्यायचा! नुसता टेकू! "अगं बाई," तो ओरडला, "डावं-उजवं डोक्यातून काढूनच टाकायचं! पडेल तिकडे टेकू!"

"लेफ्से जळतेय, सरक," बर्निटा म्हणाली.

एप्रिलमध्ये ते पाच सेकंद टिकलं. मे महिन्यात अर्धं मिनिट. ऑरिन झोपेत अंगठे हलवायला लागला. कोठारावर ट्रकवाले विचारायचे, "काय ऑरिन, टिकतंय का?" आणि तो दोन बोटं दाखवायचा. दोन मिनिटं!

जुलैचा दुसरा रविवार. अकराची प्रार्थना नऊलाच उरकली होती, वारा यायच्या आत फोटो व्हायला हवा म्हणून. बीनच्या शेताच्या कडेला सगळं टॉर्विक जमलेलं. वृद्धाश्रमातून चाकाच्या खुर्च्या आल्या होत्या, नवं बाळ पाळण्यासकट आलं होतं. अर्डिस यादी घेऊन एकेक नाव पुकारत होती. पहिल्या ओळीत, डावीकडून तिसरी जागा ऑरिनची. हेलिकॉप्टर समोर शेतात, चाळीस पावलांवर, कारण माणसांच्या डोक्यावरून उडवायचं नाही हा त्याचा देवासमोरच्या शपथेसारखा नियम. शेजारी बर्निटा, निळ्या फुलांच्या झग्यात.

"अडतीस कोणाकडे आहे?" ऑरिनने मोठ्याने विचारलं.

माइलो पुढे आला. त्याच्या हातात कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा, त्यावर लाल रंगात अडतीस लिहिलेलं. दोघांचे रिमोट एकाच, अडतीस नंबरच्या लहरीवर चालायचे, आणि आमच्या गावातल्या उडवणाऱ्यांच्या मंडळाचा कायदा असा, की चिमटा ज्याच्या टोपीला, त्यानेच डबा सुरू करायचा. तीन वर्षांपूर्वी ऑरिन एकदा चिमटा न बघताच डबा सुरू करून बसला होता, आणि माइलोचं लाल विमान वरून सरळ खाली, बीनमध्ये. त्या दिवसापासून ऑरिन म्हणत आला होता, वारा होता म्हणून पडलं.

"देतो," माइलो म्हणाला, "पण आधी सांग, वारा होता का?"

दोनशे तेरा माणसं कान टवकारून उभी. ऑरिनचे कान लाल. "नव्हता वारा," तो शेवटी म्हणाला. "मीच पाडलं. चूक माझी."

"आता कसं बोललास!" माइलोने चिमटा त्याच्या टोपीला लावला, स्वतःचा डबा ट्रकमध्ये बंद करून किल्ली बर्निटाच्या हातात दिली आणि ऐटीत मागच्या ओळीत जाऊन उभा राहिला.

इंजिन गरजलं. पाती फिरली, बीनची पानं उलटी पडली, एरंडेलाचा तो जळका गोड वास सगळीकडे पसरला. हेलिकॉप्टर उठलं! वर, वर, कोठाराच्या अर्ध्या उंचीपर्यंत. पोरंबाळं किंचाळली, म्हाताऱ्यांनी टोप्या धरल्या. टाकीत दहा मिनिटांचं इंधन, कॅमेऱ्यात छत्तीस फोटो.

ऑरिनने अलगद डावा अंगठा फिरवला. शेपटी गेली पलीकडे, नाक आलं अलीकडे. हेलिकॉप्टर गावाकडे बघायला लागलं.

खट. खट. निदान ऑरिनला वाटलं की खटका दाबला गेला. मग वाऱ्याची एक झुळूक आली, सहा महिन्यांच्या सरावात जी कधी आली नाही ती. हेलिकॉप्टर एका बाजूला कललं आणि सरकायला लागलं. ऑरिनचं डोकं रिकामं झालं. डावं? उजवं? त्याचं डावं की माझं? अंगठा जुन्या सवयीने निघाला, हेलिकॉप्टर आणखी कललं, गर्दीतून "आई गं" असा आवाज उठला, आणि मागची ओळ हलली.

"पट्टी!" बर्निटा त्याच्या कानात ओरडली. "पट्टी पडतेय ऑरिन! टेकू!"

अंगठा थांबला. वळला. पडेल तिकडे गेला. हेलिकॉप्टर एकदा डुललं, दोनदा डुललं, आणि हवेत उभं राहिलं, अगदी तिच्या तळहातावर असल्यासारखं. ऑरिनने खटक्यावरचं बोट काढलंच नाही. खट खट खट खट!

खाली उतरवल्यावर माइलोने ऑरिनला बसायला चाकाची खुर्ची दिली, तीही जिची होती त्या आजीबाईंना उठवून. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. अर्डिस म्हणाली, "वाईट नाही." आणि मग दोनशे माणसं तेच म्हणत कॉफीकडे वळली.

पण फोटो आला का? ते कोणाला ठाऊक! ऑरिन आणि बर्निटा दुसऱ्याच दिवशी पन्नास मैल गाडी हाणत मायनॉटला गेले, तासाभरात फोटो धुऊन देणाऱ्या दुकानात. तो तास दोघांनी पार्किंगमध्ये गाडीत बसून काढला. पाकीट हातात आल्यावर ऑरिन म्हणाला, "तू उघड."

पहिला फोटो आभाळ. दुसरा बीन. तिसरा बीन. चौथ्यात अर्धं गाव, तेही तिरकं. पाचवा आभाळ. बर्निटा एकेक पालथा टाकत चालली आणि ऑरिन खिडकीतून बाहेर बघायला लागला. चौदाव्या फोटोपाशी तिचा हात थांबला.

"ऑरिन."

अख्खं टॉर्विक. पाळण्यापासून खुर्चीपर्यंत, स्वच्छ, उन्हात. सगळी तोंडं वर. डावीकडून तिसरा माणूस टोपीवर चिमटा लावून सरळ कॅमेऱ्यात बघत होता, आणि एकाग्र झाल्यावर बाहेर येते तशी त्याची जीभ बाहेर आलेली होती. सबंध गावात एकच बाई कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. निळ्या फुलांच्या झग्यातली ती बाई तोंड उघडून त्याच्याकडे बघत होती.

"एकतीस वर्षांनी फोटो आला, आणि जीभ काढलीस," बर्निटा म्हणाली. हसता हसता तिला रडू आलं, आणि त्यालाही.

मोठी प्रत अर्डिसच्या कॅफेत लागली. परगावचे लोक विचारतात, विमान कोणाचं होतं, आणि आम्ही काचेवर बोट ठेवून डावीकडून तिसरा दाखवतो. विश्वास बसत नाही कोणाचा.

घरासाठीही ऑरिनने एक प्रत आणली होती, भिंतीवर लावायची म्हणून. संध्याकाळी घरी येऊन बघतो तर बर्निटा टेबलाशी कात्री घेऊन बसलेली. नखाएवढा तुकडा तिने कापला होता, दोन डोकी तेवढी, आणि तो अल्बमच्या पहिल्या पानावर डिंकाने चिकटवत होती.

"अगं, दोनशे बारा माणसं कापलीस!"

"त्यांचे अल्बम त्यांच्याकडे आहेत," बर्निटा म्हणाली, आणि तुकडा सुकेपर्यंत अंगठ्याने दाबून बसली.