बटण की चाक

नेरिडाने टोस्टवर लोणी फासलं, वर खारट व्हेजिमाइटचा पातळ काळा थर दिला आणि बशी गॉर्डनपुढे सरकवली. गॉर्डनने टोस्ट चिमटीत न धरता तळहातावर घेतला. चहाचा कपही हल्ली तो कडीला धरून उचलत नसे. दोन्ही तळव्यांत घेई, थंडीने काकडलेला माणूस घेतो तसा. बाहेर हिवाने गवत पांढरं झालं होतं, त्यामुळे बघणाऱ्याला काही वावगं वाटलं नसतं. पण हे उन्हाळ्यातही असंच चाललं होतं, हे नेरिडाने पाहिलं होतं.

तेवढ्यात मागचं जाळीचं दार धाडधाड वाजलं.

"आपल्याकडे दार वाजवून कोण येतं बुवा?" गॉर्डन म्हणाला. "पोलीस, नाहीतर धर्मप्रचारक."

मिर्को होता. पूर्वी खाणीत वायरमन होता, आता दोन घरं सोडून राहायचा. एरवी थेट आत येऊन स्वतःच किटली चालू करी. आज दोन्ही हातांत खोका होता, म्हणून त्याने बुटाने दार वाजवलं होतं.

"उघड गं बाई, हात गुंतलेत माझे."

"पाय बरे मोकळे आहेत! पोचा पडला दाराला, तर तूच ठोकून द्यायचास."

मिर्कोने खोका टेबलावर, टोस्टच्या बशीला खेटूनच ठेवला. आत इवलीशी मोटर, गुंडाळलेल्या वायरी आणि एक बटण. त्याने स्वतःच्या विमानाला नवी, भारीतली बसवली होती. ही उरलेली त्याने गॉर्डनच्या, अजून बांधून व्हायच्या विमानासाठी आणली होती.

ऑस्ट्रेलियातल्या टेमोरा गावी धावपट्टीच्या आसपास घरच्या शेडमध्ये विमानं बांधणारी जी मंडळी राहतात, त्यांना सगळ्यात जास्त भांडायला लावणारी गोष्ट म्हणजे ट्रिम. विमान सरळ चाललेलं असलं तरी वजन आणि वेग बदलला की त्याचं नाक वर नाहीतर खाली ओढ घेतं. मग चालवणाऱ्याला दांडा सतत रेटून धरावा लागतो. शेपटीच्या कडेला एक अरुंद पट्टी असते, ती किंचित हलवली की ही ओढ निघून जाते आणि हाताला उसंत मिळते. ती पट्टी हलवायची कशी, एवढाच काय तो वाद. बसल्या जागेवरून चाक फिरवून, तारेने? की दांड्यावरचं बटण दाबून, मोटरने? गॉर्डन चाकवाला आणि मिर्को बटणवाला. गॉर्डनच्या शेडमध्ये विमानाचा सांगाडा उभा राहिला तेव्हापासून दोघांचं यावरून वाजत होतं.

"तुझी ती तार म्हणजे आजोबांच्या सायकलचा ब्रेक," मिर्को म्हणायचा.

"आणि तुझी बॅटरी बसली म्हणजे? खाली उतरून धक्का मारशील?"

पण आता निवाडा करायलाच हवा होता. विमानाच्या तळाचा पत्रा आजच रिव्हेटचे खिळे मारून बंद करायचा होता. एकदा तो बंद झाला की तार ओढणं किंवा वायर घालणं म्हणजे पुन्हा सगळं उकलणं.

गॉर्डनने खोक्यात नुसतं डोकावलं आणि म्हणाला, "बसवू या. हेच बसवू."

मिर्को त्याच्याकडे बघतच राहिला. "नेरिडा, याच्या कपाळाला हात लावून बघ. ताप आहे का?"

नेरिडा हसली, पण तिची नजर गॉर्डनच्या हातांवर गेली.

ऐन तारुण्यात ती मेंढ्यांच्या लोकर-कापणीच्या तळांवर स्वयंपाकीण होती. गॉर्डन तिला तिथेच भेटला, हातात थरथरणारं कापणीचं यंत्र घेऊन वाकलेला, घामाने निथळणारा. तळावरच्या स्वयंपाकिणीला माणसं चेहऱ्याआधी हातांवरून ओळखता येतात. कुणी सुरी कशी धरली, कुणाची मूठ दुखावली आहे, कोण आज काट्याऐवजी चमच्याने खातोय, हे ती वाढता वाढता टिपत असे आणि न विचारता मांस बारीक कापून देत असे. हातांवरची ती नजर पुढेही सुटली नाही.

त्या थरथरत्या यंत्राने अनेक वर्षांनी आपली किंमत वसूल केलीच. गॉर्डनच्या बोटांच्या टोकांतली जाण हळूहळू गेली. तळव्यात बळ होतं, मनगट शाबूत होतं. डॉक्टरने सगळं तपासून उडायला हरकत नाही म्हटलं होतं. घरी येऊन गॉर्डनने फक्त "ठीक आहे म्हणाला" एवढंच सांगितलं. पण रिव्हेट पत्र्याशी सपाट बसला का, हे बोटाच्या टोकाने चाचपायचं असतं, आणि ते काम मागल्या वर्षापासून तो नेरिडाला सांगू लागला होता. "तू फिरव गं हात. तुझे डोळे चांगले आहेत." चाचपायला डोळे कशाला लागतात, असं तिने एकदाही विचारलं नव्हतं. शेपटीच्या अरुंद पोकळीत, रिव्हेटला मागून टेकवायचा पोलादी ठोकळा घेऊन सरपटायची तीच, चाचपायचीही तीच.

म्हणूनच आज तिला लगेच उमगलं. याला चाक नको झालेलं नाही. चाक पकडता येईल का, याची याला धास्ती पडली आहे. पण चाकाला तळवा पुरतो. बटणाला बोटाचं टोक लागतं, हे याच्या ध्यानातच आलेलं नाही. आणि हे त्याला सांगायचं कसं? मिर्कोसमोर तर नाहीच.

"पत्रा ठोकायच्या आधी एकदा बसून तरी बघ," ती एवढंच म्हणाली.

शेडमध्ये सांगाडा लाकडी घोड्यांवर उभा होता, अजून पंखांवाचून. गॉर्डन डावीकडे बसला, नेरिडा नेहमीप्रमाणे उजवीकडे. मिर्कोने बटण दांड्याला चिकटपट्टीने लावलं, मोटर पट्टीला जोडली, बॅटरीची वायर लावली आणि शेपटीपाशी उभा राहून तोंडाने इंजिनाचा आवाज काढू लागला.

"कॅप्टन, नाक खाली करा! प्रवासी चहा सांडताहेत!"

गॉर्डन समोर बघत हसला. समोर शेडचं उघडं दार, तारेवर गालाह पोपट. त्याने अंगठा टेकवला. मोटर किर्रर्र करू लागली.

"बास, झालं," गॉर्डन म्हणाला.

मोटर किरकिरतच राहिली.

"सोड की मग," मिर्को म्हणाला.

"सोडलंय रे!"

सोडलेलं नव्हतं. नेरिडाला दिसत होतं, दाबून दाबून त्याचं नख पांढरं पडलं होतं. पट्टी शेवटच्या टोकाला जाऊन अडली आणि मोटर गप्प झाली. मिर्कोचं इंजिनही थांबलं. त्याने वाकून पट्टीकडे पाहिलं, मग गॉर्डनच्या हाताकडे, आणि घाईघाईने म्हणाला, "बटण अडकतंय रे ते. मीच खराब माल आणला. म्हणून तर फुकट दिलं."

गॉर्डनने मान खाली घालून अंगठ्याकडे पाहिलं. दुसऱ्या हाताने तो उचलून बाजूला केला.

"बटण चांगलं आहे, मिर्को."



"तुला ठाऊक होतं," तो नेरिडाला म्हणाला.

"तू टोस्ट तळहातावर घेऊन खातोस, गॉर्डन. मी आंधळी आहे का?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबले होते."

मिर्को उगाचच वायर गुंडाळत बसला. नेरिडाने गॉर्डनचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि बोटं चोळत राहिली, कणीक मळावी तशी, सावकाश.

"चाक तळव्याने फिरतं," ती म्हणाली. "तुझ्या तळव्याला काय झालंय? माझ्यापेक्षा दांडगा आहे."

"चाकाची जागा डाव्या भिंतीला केली आहे," गॉर्डन म्हणाला. "कधीचीच. त्याचा आधार ठोकूनसुद्धा झालाय."

"कुणाच्या हाताचं माप घेऊन?"

"माझ्याच. दुसऱ्या कुणाच्या?"

"आपल्या आधीच्या विमानातही चाक तुझ्याच बाजूला होतं. इतकी वर्षं मी तुझ्या उजवीकडे बसते. नकाशा धरते, सँडविच देते, भीती वाटली तर खिडकीबाहेर बघते. दांडा माझ्यापुढेही असतो, पण त्याला हात लाव असं मला कधी कुणी म्हटलं नाही. मीही नाही विचारलं."

गॉर्डनने तिच्याकडे वळून पाहिलं. "चाक हलवायचं तर आधाराचे रिव्हेट उकलायला लागतील," तो हळूच म्हणाला. "आज पत्रा बंद होणार नाही मग."

"नाही झाला तर नाही."

"तुला नक्की काय हवंय, नेरी?"

"चाक आपल्या दोघांच्या मध्ये बसव," ती म्हणाली. "माझा हात पोचेल असं."